गाडीला नाव ठेवलं की माणूस का चिडतो? बैलपोळ्यापासून फाइव्ह-स्टारपर्यंत

हा भाग ऐकायला जमला नसेल किंवा एसटीत रेंज गेली असेल, तर हे घ्या लिहिलेलं. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी यात घातल्यात, आणि बोलताना उगाच लांबलेलं थोडं काढून टाकलंय.

आजचा विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वाशिमच्या पाटणी चौकात चहा पिता पिता कुणाला एवढंच म्हणून बघा, "भाऊ, तुह्या गाडीचा पत्रा पातळ वाटते." समोरचा कप खाली ठेवतो. "माह्या गाडीले नाव काऊन ठेवतं बे?" मग मायलेज निघतं, रिसेल निघते, सर्व्हिस सेंटर निघतं, तुमच्या गाडीचा इतिहास निघतो, आणि शेवटी तुमच्या मेव्हण्याने गेल्या वर्षी घेतलेली गाडी कशी तीन वेळा टोचन करून आणावी लागली तेही निघतं. पत्र्याचं राहूनच जातं.

हेच फोनवर दहापट होतं. एखाद्याने आपल्या नव्या गाडीची खरीखुरी तक्रार मांडली, गिअरबॉक्स अडतोय, स्क्रीन बंद पडतेय, की त्याच कंपनीच्या गाड्यांचे मालक त्याच्यावर तुटून पडतात. पैसे घेतलेस का? दुसऱ्या कंपनीचा माणूस आहेस का? चालवता येत नाही का? आता गंमत बघा. गाडी त्याची, पैसे त्याचे, त्रास त्याचा. आणि राग येतो कुणाला, तर ज्याचा या व्यवहाराशी काहीच संबंध नाही त्याला. कंपनी गप्प असते. तिच्या वतीने फुकटात भांडणारी माणसं असताना तिने बोलायचं कशाला?

हे सगळं मोबाईलमुळे झालं असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मोबाईलने आवाज वाढवला, मूळ सूर जुना आहे. किती जुना, ते बघायला आधी बैलांकडे जाऊ.

वऱ्हाडात मोटार यायच्या आधी घराची पत होती बैलजोडी. जोडी कुणाची, शिंगं कशी, शंकरपटात किती सेकंदांत पळते, यावर माणसाचं नाव ठरायचं. दुसऱ्याच्या बैलाला खोड काढणं म्हणजे त्याच्या घरात शिरून बोलण्यासारखं. पण आपल्याकडच्या लोकांनी यावर एक फार हुशार सोय केली होती. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या म्हणायच्या. झडती म्हणजे यमक जुळवून मारलेला टोमणा. गावातल्या बड्या माणसाला, सावकाराला, हल्ली तर थेट सरकारला आणि कापसाच्या भावालाही. लोक हसतात, "हर हर महादेव" होतं, आणि ज्याला टोमणा बसला तोही हसतो, कारण त्या दिवशी चिडणारा माणूस हलका ठरतो. नाव ठेवायला एक दिवस, एक जागा, एक रीत. गाडीच्या बाबतीत अशी रीत आपल्याकडे कधी तयारच झाली नाही. का झाली नाही, याची गोष्ट मोठी आहे आणि बरीचशी महाराष्ट्रातच घडलेली आहे.

सुरुवात मोटारीपासून नाही, नांगरापासून करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हता. लोखंडामुळे जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. नांगर पडून राहिले. किर्लोस्करांना शेतकऱ्याच्या शंकेवर चिडून चालणार नव्हतं. नांगर चालवून दाखवावा लागला, त्यात सुधारणा कराव्या लागल्या. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे तोच नांगर घरोघरी गेला. हे लक्षात ठेवा: तेव्हा शंका घेणारा गिऱ्हाईक होता आणि उत्तर द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची होती.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. १९०५ ची स्वदेशी चळवळ. पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तळेगावला पैसा फंडाच्या वर्गणीतून काचेचा कारखाना निघाला. इथून वस्तूला एक नवा अर्थ चिकटला. काडेपेटी नुसती काडेपेटी राहिली नाही, ती आपली किंवा परकी झाली. गुलामीच्या काळात हे योग्यच होतं, त्यावर माझा काही वाद नाही. पण त्याचा एक परिणाम झाला: आपली वस्तू वाईट निघाली तर तसं म्हणायचं की नाही, हा प्रश्न अवघड होऊन बसला.

वालचंद हिराचंद यांना भारतात मोटार बनवायची होती. ते १९३९ च्या सुमारास अमेरिकेत गेले, तिथल्या मोठ्या कंपन्यांशी बोलले, शेवटी क्रायस्लरशी करार झाला. ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघायला लागल्या. त्याच सुमारास महिंद्रा मुंबईत विलीज जीप जोडत होते. म्हणजे पहिली देशी मोटार आली तीच मुळी स्वातंत्र्याच्या हाताला धरून. तिला कोण नाव ठेवणार?

मग आला परवान्यांचा काळ. १९५१ च्या उद्योग कायद्याने कारखान्याने काय आणि किती बनवायचं हे सरकार ठरवू लागलं. तुमच्यापैकी बरेच जण २००० नंतर जन्मलेले, म्हणून सांगतो: तेव्हा देशात मोटार घ्यायची म्हणजे अँबेसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड. संपलं. फियाट ११०० हीच गाडी पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. जगात गाड्यांच्या पाच पिढ्या झाल्या, आपण एकीचंच बारसं दोनदा केलं.

स्कूटरचं तर विचारूच नका. बजाजने इटलीच्या पियाजिओबरोबर करार करून व्हेस्पा बनवायला सुरुवात केली, १९७१ मध्ये तो करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली. आकुर्डीच्या कारखान्यातून जेवढ्या निघत त्याच्या कितीतरी पट मागणी. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. दहा-दहा वर्षं थांबल्याच्या गोष्टी सांगणारी माणसं अजून घरोघरी आहेत. मुलगी लहान असताना नंबर लावला आणि लग्नात जावयाला स्कूटर मिळाली, ही थट्टा तेव्हा थट्टा नव्हती.

आता त्या स्कूटरची एक खोड होती. सकाळी सुरू व्हायची नाही. मग तिला एका अंगावर झुकवायचं, क्षणभर तसंच धरायचं, सरळ करायचं आणि किक मारायची. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल नीट उतरावं म्हणून हा उपद्व्याप. देशभरातल्या लाखो बाप्यांनी ऑफिसला जायच्या आधी हा कार्यक्रम रोज केला. याला कुणी दोष म्हटलं नाही. "चालवायची पद्धत आहे," असं म्हटलं. ज्याला ती पद्धत येत नाही तो अडाणी. मला या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. दोष दूर होत नसला की माणूस त्याचं कौशल्य बनवतो, आणि कौशल्य झालं की ते त्याच्या ओळखीचा भाग होतं. मग कुणी त्या दोषाबद्दल बोललं की त्याला वाटतं, हा मलाच बोलतोय.

१९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली. झुकवायचं नाही, किक नाही. लोकांनी घेतली, पण चेतकवाल्यांनी तिला नाकं मुरडली. ही काय गाडी, यात चालवायचं काय उरलं? थोडक्यात, त्रास नाही म्हणून कमी दर्जाची! आणि १९८९ मध्ये "हमारा बजाज" ही जाहिरात आली. वेळ बघा. स्पर्धा सुरू झालेली, गिऱ्हाईकाला पहिल्यांदा निवड मिळालेली, आणि जाहिरातीत स्कूटरच्या गुणाबद्दल जवळपास काही नाही. आहे तो देश, कुटुंब, नमस्कार, अभिमान. जाहिरात म्हणून ती अव्वलच होती, अजून ऐकली की आमच्या घरातली मोठी माणसं हळवी होतात. पण तिने काय विकलं? यंत्र नाही, नातं विकलं. आणि नात्यात तक्रार पावती दाखवून करता येत नाही.

याच काळात पुण्यात अगदी उलट दिशेने एक काम चाललं होतं, ते फार कमी जणांना माहीत आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. या लोकांचं म्हणणं साधं होतं: पैसे देणारा हा याचक नाही, त्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. आज प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक आयोग आहे, आपल्या वाशिमलाही आहे. पण त्या चळवळीचं गाणं कुणी केलं नाही. "हमारा ग्राहक" अशी जाहिरात कधी टीव्हीवर आली नाही.

इथे थोडा थांबा, एक शास्त्रीय गोष्ट सांगतो, फार लांबवत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत डॅन्युटा एर्लिख आणि तिच्या सहकाऱ्यांनी नुकतीच गाडी घेतलेल्या लोकांचा अभ्यास केला. माणूस गाडी घ्यायच्या आधी जाहिराती वाचतो हे आपल्याला माहीत आहे. त्यांना दिसलं ते वेगळंच: गाडी घेतल्यानंतर लोक आपण घेतलेल्याच गाडीच्या जाहिराती जास्त वाचत होते. आणि ज्या गाड्यांचा विचार करून सोडून दिल्या, त्यांच्या कमी. पैसे तर गेले, आता वाचून काय मिळणार? मिळतं ते समाधान. आपण चुकलो नाही याचं. त्याच वर्षी लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं, त्यात म्हणणं असं की मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी असल्या की माणसाला बोचतं आणि ती बोच घालवायला तो काहीही करतो. "मी शहाणा आहे" आणि "मी दहा लाखांची फसलेली गाडी घेतली" या दोन गोष्टी एका डोक्यात राहू शकत नाहीत. त्यातली एक बाहेर काढावी लागते. आणि स्वतःला शहाणा म्हणणं सोडणारा माणूस मी तरी बघितलेला नाही.

सोयाबीनचे पैसे, वर बँकेचं कर्ज, सात वर्षांचे हप्ते. ज्याची बोच एवढी मोठी, त्याचा रागही तेवढाच मोठा असणार. म्हणून श्रीमंताची गाडी बिघडली तर तो दुसरी घेतो, आणि आपल्याकडचा माणूस भांडतो. मला त्याचा राग येत नाही, खरं सांगतो.

आता येतो मुख्य गोष्टीवर. साल १९९८. १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. गाड्यांवर एमएच-३७ हे आपलं स्वतःचं पासिंग आलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, ३० डिसेंबरला, टाटांनी इंडिका बाजारात आणली.

इंडिकाची कहाणी खरोखर भारी आहे. टाटांची टेल्को ट्रक बनवणारी कंपनी. १९९४ ची सुमो होती, सुमंत मुळगावकर यांच्या नावातून "सुमो" हे नाव आलं. पण छोटी मोटार पूर्णपणे आपली आपण बनवायची, हे कुणी केलं नव्हतं. रतन टाटांनी ठरवलं की गाडी बाहेरून मारुती झेनएवढी, आतून अँबेसेडरएवढी ऐसपैस, किंमत मारुती ८०० च्या जवळपास, आणि वर डिझेल. नवा कारखाना परवडेना, तर ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा केला, जहाजांत भरून पिंपरी-चिंचवडला आणून पुन्हा जोडला. बाहेरच्या रूपासाठी इटलीतल्या ट्यूरिनच्या कंपनीची मदत घेतली. बुकिंग उघडलं तर आठवडाभरात एक लाख पंधरा हजारांच्या आसपास लोकांनी पैसे भरले. कुणीही चालवून न बघितलेल्या गाडीसाठी!

आणि मग गाड्या घरी आल्या. आवाज, थरथर, टायर लवकर झिजणं, बारीकसारीक भाग निकामी होणं. तक्रारींचा ढीग पडला. २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला, तो काही एकट्या इंडिकामुळे नव्हे, ट्रकचा बाजारही पडला होता. पण लोक म्हणायला लागले की ट्रकवाल्यांनी मोटारीच्या भानगडीत पडायला नको होतं.

पुढे जे झालं तो माझ्या मते भारतीय मोटारीच्या इतिहासातला सगळ्यात शहाणपणाचा प्रसंग आहे. कंपनीने तक्रारी ऐकल्या. मालकांना बोलावून गाड्या तपासल्या, भाग बदलून दिले, आणि त्या तक्रारींची यादी समोर ठेवून गाडी पुन्हा घडवली. २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आली. तिने कंपनीला तारलं. पुढे तर वऱ्हाडातल्या लग्नाच्या वऱ्हाडापासून शेगावच्या वारीपर्यंत भाड्याची गाडी म्हटलं की पांढरी इंडिका, हे समीकरण झालं. व्ही-टू कुणी बनवली? इंजिनिअरांनी, अर्थात. पण काय दुरुस्त करायचं ते त्यांना सांगितलं चिडलेल्या, वैतागलेल्या मालकांनी. त्यांनी "आपली देशी गाडी आहे, गप्प बसू" म्हटलं असतं तर व्ही-टू आली नसती.

आता तुम्ही मला सांगा, यातली किती गोष्ट तुमच्या फोनवर आली होती? बहुधा एकही ओळ नाही. तुमच्याकडे आली असणार ती दुसरी गोष्ट. १९९९ मध्ये टाटांची माणसं मोटारीचा धंदा विकायला डेट्रॉइटला फोर्डकडे गेली, तिथे त्यांना "येत नव्हतं तर धंद्यात पडलातच कशाला" अशा अर्थाचं ऐकून घ्यावं लागलं, आणि २००८ मध्ये त्याच फोर्डकडून टाटांनी जग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला विकत घेतली. ही गोष्ट जाहीरपणे सांगितली प्रवीण काडले यांनी, २०१५ मध्ये मुंबईत, रतन टाटांच्या वतीने यशवंतराव चव्हाण पुरस्कार घेताना. ते स्वतः त्या टीममध्ये होते. गोष्ट अस्सल आहे, ऐकताना अंगावर काटा येतो. पण फोनवरून फिरता फिरता तिचा अर्थ पार बदलला. ती झाली सूडाची गोष्ट: ज्याने टीका केली त्याला धूळ चारली. टीका म्हणजे अपमान, टीकाकार म्हणजे शत्रू. व्ही-टूची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे, टीका ऐकली म्हणून कंपनी जगली. दोन्ही गोष्टी एकाच गाडीच्या, एकाच काळातल्या. पसरली एकच. सूड फॉरवर्ड होतो, दुरुस्ती होत नाही.

२०१४ पासून भांडणाला नवं हत्यार मिळालं: स्टार. ३१ जानेवारी २०१४ ला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच गाड्यांच्या धडक-चाचणीचे निकाल दिले. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. एअरबॅग नसलेली मॉडेलं, ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवली. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य. वाहन उद्योगाकडून उत्तर आलं की आपल्याकडे सरासरी वेग कमी असतो, ही चाचणी आपल्या रस्त्यांना लागू नाही. एका कंपनीने मात्र वेगळं केलं. पोलो पुण्याजवळ चाकणला बनायची. फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो विकणंच बंद केलं, आणि एअरबॅगवाल्या पोलोला चार स्टार मिळाले. शून्याला एकच शहाणं उत्तर असतं, ते हे.

२०१६ मध्ये नाशिकच्या स्कॉर्पिओच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेललाही शून्य मिळालं. वऱ्हाडात स्कॉर्पिओला शून्य म्हणायचं म्हणजे काय, हे ज्याला राहायचं आहे इथे त्याने समजून घ्यावं. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, असे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. २०२० मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० लाही पाच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारुतीच्या एस-प्रेसोला शून्य मिळालं आणि टाटा मोटर्सने फुटलेल्या कॉफीच्या कपाचं चित्र टाकून चिमटा काढला: आम्ही इतक्या सहज फुटत नाही. झालं. कंपनीनेच झडती म्हटली म्हटल्यावर चेले कशाला थांबतात? "टिनाचा डबा" विरुद्ध "सर्व्हिसला गेली ती परत आली नाही" हे युद्ध तेव्हापासून चालू आहे.

यात विसरलं काय गेलं? २०१४ च्या शून्यवाल्यांत नॅनोही होती. म्हणजे आज जे पाच स्टार मिरवतात तेही शून्यातूनच आलेत, आणि आले ते कुणीतरी शून्य दाखवलं म्हणून. स्टार हा अभिमानाचा बिल्ला झाला. तो मुळात तक्रारीचा कागद होता.

आता कुणी म्हणेल, गाडीप्रेम वाईटच का? अजिबात नाही. २००१ मध्ये अल्बर्ट मुनिझ आणि थॉमस ओग्विन या दोघांनी ब्रँडभोवती जमणाऱ्या माणसांवर एक गाजलेला निबंध लिहिला. साब आणि फोर्ड ब्रॉन्को या गाड्यांचे मालक त्यांनी जवळून बघितले. ही माणसं रस्त्यात एकमेकांना ओळख दाखवतात, बंद पडलेल्या गाडीपाशी थांबतात, कुठला भाग कुठे मिळतो ते सांगतात. आपल्याकडे बोलेरोवाल्याला रात्री मालेगाव-मेडशीच्या रस्त्यावर दुसरा बोलेरोवाला थांबून मदत करतो ती हीच गोष्ट. पण त्या दोघांनी आणखी एक नोंदवलं: या माणसांना "आपण कोण" हे सांगताना "आपण कोण नाही" हेही सांगावं लागतं. दुसरा ब्रँड लागतोच, शिव्या द्यायला.

आणि त्यातली खरी गंमत ट्रॅक्टरमध्ये आहे. आपल्या जिल्ह्यात मोटारीपेक्षा ट्रॅक्टरवर जास्त भांडणं होतात. लालवाला, हिरवावाला, निळावाला. महिंद्रावाला आणि स्वराजवाला यांनी एकमेकांचं तोंड न बघावं, इतकं. २००७ मध्ये महिंद्राने स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी विकत घेतली. म्हणजे गेली कित्येक वर्षं हे दोघं बांधावर भांडतायत आणि पैसे एकाच गल्ल्यात जातायत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून चढता येतं. कारला वेगमर्यादा ताशी १२० पर्यंत. आणि ज्या चाचणीत गाड्यांना शून्य मिळालं ती ६४ ला होती. २०१४ मध्ये "आपल्याकडे वेग कमी असतो" हे म्हणणं कदाचित मंगरूळपीरच्या रस्त्याला लागू असेल, समृद्धीला नाही. आणि त्या काळातल्या एअरबॅग नसलेल्या गाड्या गेल्या कुठे? त्या आपल्याकडेच आल्या, सेकंड हँड होऊन. पुण्या-मुंबईची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येते तेव्हा तो मालक वाशिम, रिसोड, मानोऱ्याचा असतो. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये. त्याआधीची गाडी घेताना "लोखंड आहे लोखंड" असं विकणारा म्हणाला, तर स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅगची खूण आहे का ते आधी बघा, आणि शेजारच्या सीटसमोरही बघा.

आणखी एक, हे जरा नीट ऐका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात सदोष गाड्या परत मागवण्याची तरतूद आली. नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. सात वर्षांच्या आतली गाडी असेल आणि एकाच मॉडेलच्या एकाच दोषाबद्दल, विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी सरकारकडे आल्या, तर कंपनीला गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून द्यायला लावता येतं. तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करायची असते. म्हणजे कायदा आकडा मोजतो. आता विचार करा, रिसोडचा एक पोरगा ब्रेकची तक्रार लिहितो, चारशे जण त्याला हाणतात, तो पुसून टाकतो आणि गप्प बसतो. त्याला बघून आणखी दहा जण, ज्यांचा ब्रेक तसाच आहे, तेही गप्प बसतात. आकडा भरत नाही. आणि त्या हाणणाऱ्या चारशेंकडेही तीच गाडी असते, त्याच ब्रेकची.

बऱ्याच कंपन्या दोष सापडला की स्वतःहूनही गाड्या परत मागवतात. तुमची गाडी त्यात आहे का, हे कळायला आरसीवरचा चॅसी नंबर लागतो. तो कंपनीच्या वेबसाईटवर किंवा सर्व्हिस सेंटरला टाकला की सांगतात. पैसे लागत नाहीत. गाडी सेकंड हँड घेतली असेल तर हे आजच करा, कारण कंपनीचा फोन गेला असेल तर तो जुन्या मालकाला गेला असेल.

पुढच्या भागात मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला. ती का थांबली, आणि तिच्या बाजूने कोण कोण भांडलं. भेटू.